शब्दांचे सेवापुस्तक

इंग्रजीतले हुद्दे, पदव्या आणि शिव्या यांची मुळे शोधत गेले की ती बहुतेक एकाच वाड्यात सापडतात. वाडा युरोपातला, मध्ययुगीन. त्यात एक मालक, एक मालकीण, मुदपाकखाना, शेजघर, तबेला, हाताखालची पोरे आणि कुंपणाबाहेर शेतात राबणारी माणसे. या सगळ्यांना तेव्हा जी साधी, कामावरून पडलेली नावे होती, त्यांतली काही आज छातीवर पदक होऊन मिरवतात आणि काही तोंडातून शिवी होऊन बाहेर पडतात. भाषाशास्त्रात या प्रकाराला अर्थाचा उत्कर्ष आणि अर्थाचा अपकर्ष असे म्हणतात. सरकारी कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला तेच दोन शब्दांत कळते: बढती आणि पदावनती. प्रत्येक शब्दाचे जणू एक सेवापुस्तक असते. त्यात नेमणुकीची तारीख पुसट असते आणि वरिष्ठांचे शेरे ठळक असतात.

बढतीचा निकष मात्र सेवाज्येष्ठता नाही आणि गुणवत्ता तर नाहीच नाही. मालकाच्या किती जवळ उभे राहायला मिळते, एवढाच तो आहे.

आरंभ भाकरीपासून करावा लागतो, कारण खुद्द मालकाचे नाव तिच्यावरूनच पडलेले आहे. 'लॉर्ड' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'ह्लाफोर्ड' असा होता आणि त्याच्याही आधी 'ह्लाफवेअर्ड'. 'ह्लाफ' म्हणजे पाव. बेकरीतला आजचा 'लोफ' तोच. 'वेअर्ड' म्हणजे राखणारा. म्हणजे लॉर्ड हा मुळात भाकरीचा राखणदार. 'लेडी' ही 'ह्लॅफ्डिये', म्हणजे कणीक मळणारी. मळलेल्या पिठाला इंग्रजीत 'डो' म्हणतात, तो शब्द याच कुळातला. एकाने कोठाराची किल्ली सांभाळायची आणि दुसरीने पीठ मळायचे, अशी ही कामाची वाटणी. राखणे हे करण्यापेक्षा मोठे काम आहे, हा समज तेव्हापासूनचा. मळणाऱ्या हाताला पीठ लागते, त्यामुळे तिने काम केल्याचे दिसते. राखणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही, तरी पद त्याचेच वरचे.

या जोडप्याला एक तिसरा सोबती होता, तो आता कोणाला आठवत नाही. त्याचे नाव 'ह्लाफॅटा', म्हणजे भाकरी खाणारा, मालकाच्या पदरी असलेला माणूस. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्यात तो भेटतो, पण भेटतो तो मेलेल्या अवस्थेत: साध्या शेतकऱ्याच्या पदरचा भाकरखाऊ कोणी मारला तर सहा शिलिंग भरपाई द्यावी, असे कलम तिथे आहे. पुढे भाकरी राखणाऱ्याचे लॉर्ड झाले, मळणारीची लेडी झाली, आणि खाणाऱ्याचा शब्द भाषेतून साफ नाहीसा झाला. खाणाऱ्यांची संख्या कधीच कमी झालेली नसताना असे व्हावे, हे नवल आहे. आज लंडनला भाकरीच्या राखणदारांचे एक अख्खे सभागृह आहे आणि तिथे बसणाऱ्यांना हजेरीचा भत्ता मिळतो. क्रिकेटच्या लॉर्ड्सचा मात्र या सभागृहाशी संबंध जोडू नये. ते मैदान थॉमस लॉर्ड नावाच्या गृहस्थाने काढले, म्हणून ते लॉर्डचे.

भाकरीचाच दुसरा नातलग म्हणजे 'कंपनी'. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. एकत्र बसून पाव मोडणारे ते 'कंपॅनियन' आणि त्यांचा जमाव ती 'कंपनी'. मुंबईतला पाव पोर्तुगिजांकडून आला आणि पोर्तुगीज भाषा लॅटिनची लेक, तेव्हा वडापावमधला पाव आणि कंपनीतला पाव सख्खे भाऊ ठरतात. 'सॅलरी' हा शब्द मिठाशी नाते सांगतो, एवढे खरे आहे. पण रोमन शिपायांना पगारात मीठ मोजून देत, ही गोष्ट जितकी रुचकर आहे तितका तिला पुरावा नाही. खाल्ल्या मिठाला जागणारे मराठी वाचक ती चटकन खरी मानतात, म्हणून सांगून ठेवलेले बरे.

भाकरीनंतर घर. वाड्याची व्यवस्था पाहणारा तो 'स्टीवर्ड'. 'स्टिग' म्हणजे घर किंवा दालन आणि 'वेअर्ड' पुन्हा राखणाराच. हा मुळात डुकरांच्या खुराड्याचा रखवालदार होता, अशी एक लोकप्रिय कथा आहे. विद्वान ती मानत नाहीत, आणि स्टीवर्डचे पुढे जे झाले ते पाहता न मानलेलेच बरे. स्कॉटलंडच्या राजांकडे कारभारीपण एकाच घराण्यात वंशपरंपरेने चालले आणि हुद्दा हेच आडनाव होऊन बसले: स्टीवर्ट. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस ही आडनावे ज्यांच्या शेजारपाजारी आहेत त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. या घराण्यातल्या वॉल्टरने राजा रॉबर्ट ब्रूसची मुलगी मार्जरी हिच्याशी लग्न केले आणि 1371 मध्ये त्यांचा मुलगा दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला. कारभाऱ्याने राज्य सांभाळता सांभाळता आपल्याकडेच ठेवल्याचे उदाहरण पुण्याला नवे नाही, पण तिथे निदान छत्रपतींची गादी साताऱ्याला शाबूत राहिली. स्कॉटलंडच्या कारभाऱ्यांनी तेवढीही भीड ठेवली नाही. पुढे फ्रान्समध्ये वाढलेल्या मेरी राणीबरोबर आडनावाचे 'स्टुअर्ट' असे फ्रेंच वळणाचे स्पेलिंग रूढ झाले आणि 1603 मध्ये हे घराणे इंग्लंडच्याही गादीवर आले. इकडे महाराष्ट्राच्या खेड्यांत नवऱ्याला 'कारभारी' म्हणण्याची पद्धत आहे. तिथला कारभार खरा कोण पाहतो हे गावाला ठाऊक असते.

शेजघराची नोकरी 'चेंबरलेन'कडे. 'चेंबर' म्हणजे खोली आणि तिच्यात वावरणारा तो चेंबरलेन. याचेही पुढे आडनाव झाले आणि त्या आडनावाचे एक गृहस्थ 1937 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले. परंतु मालकाच्या जवळ असण्याची परमावधी याहून आत, पार संडासात आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीकडे 'ग्रूम ऑफ द स्टूल' नावाचा एक अधिकारी होता. स्टूल म्हणजे बसायचे स्टूल खरे, पण भोक असलेले. राजा त्यावर बसला की पाणी, टॉवेल आणि इतर तजवीज करणे हे या अधिकाऱ्याचे काम. ते करायला चांगल्या घरची माणसे उत्सुक असत, कारण दिवसातून एकदा तरी राजाची कोणत्याही मंत्र्याविना, सवडीने आणि बहुधा बऱ्या मनःस्थितीत गाठ पडत असे. राजाच्या खासगी खजिन्याच्या किल्ल्याही याच गृहस्थाच्या हाती येत. अर्ज पुढे सरकवायचा तर त्याच्यामार्फत. या पदावरचा सर हेन्री नॉरिस 1536 मध्ये राणी अ‍ॅन बोलिनशी अनैतिक संबंध ठेवल्याच्या आरोपावरून फासावर नाही, तर मानाप्रमाणे कुऱ्हाडीखाली गेला. इतक्या जवळच्या नोकरीतला धोकाही तितकाच जवळचा असतो.

आता तबेला. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असा मराठीतला व्यवहारी सल्ला आहे. युरोपात जे घोड्याच्या मागे उभे राहिले तेच पुढे साहेब झाले. 'मार्शल' हा शब्द फ्रँक लोकांच्या भाषेतला: 'मार्ह' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे नोकर. घोडीला इंग्रजीत 'मेअर' म्हणतात, ती या 'मार्ह'ची नातलग. आणि 'स्काल्क' जर्मनमध्ये 'शाल्क' होऊन उरला आहे, त्याचा अर्थ वात्रट माणूस. तात्पर्य, मार्शल म्हणजे मोतद्दार. पण लढाई घोड्यावरून होऊ लागली आणि ज्याच्या हाती घोडे त्याच्या हाती फौज आली. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या मार्शलकडे जन्मलेला विल्यम मार्शल हा धाकटा मुलगा इतका वर चढला की 1216 मध्ये नऊ वर्षांचा तिसरा हेन्री गादीवर आला तेव्हा राज्याचा कारभार त्याच्या हाती देण्यात आला. फ्रेंच भाषेला मात्र जुनी ओळख विसरता आलेली नाही. तिथे सेनेतला सर्वोच्च मानकरी 'मारेशाल' आणि घोड्याला नाल ठोकणारा कारागीरही 'मारेशाल'. फरक दाखवायला दुसऱ्याला 'फेरां' अशी एक शेपटी जोडतात.

भारतात हा शब्द दोन टोकांना राहतो. वरच्या टोकाला सॅम माणेकशा, ज्यांना 1973 मध्ये फील्ड मार्शल करण्यात आले, आणि अर्जन सिंग, जे 2002 मध्ये हवाई दलाचे मार्शल झाले. घोड्याचा नोकर आधी शेतात उतरला आणि मग आकाशात गेला, असा हा प्रवास शब्दशः वाचता येतो. खालच्या टोकाला विधिमंडळातले मार्शल आहेत. अध्यक्षांनी फर्मान काढले की ते गोंधळ घालणाऱ्या सदस्याला चौघांत उचलून बाहेर नेतात. बेफाम जनावर आवरण्याचे मूळ कौशल्य या शाखेत टिकलेले दिसते. त्याच्याही खाली मुंबई महापालिकेचे क्लीन-अप मार्शल होते. कोविडच्या साथीत नाकाखाली मास्क आणि खिशात दोनशे रुपये असलेल्या प्रत्येक मुंबईकराने त्यांना लांबून पाहून रस्ता बदललेला आहे.

मार्शलचा तबेल्यातला वरिष्ठ म्हणजे 'कॉन्स्टेबल'. वरिष्ठ हे वाचून वाचकाने चष्मा पुसण्याची गरज नाही. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात 'कोमेस स्ताबुली' असे एक पद होते. 'कोमेस' म्हणजे सम्राटाचा सोबती, सरदार, आणि 'स्ताबुली' म्हणजे तबेल्याचा. या शब्दांचा घासून घासून कॉन्स्टेबल झाला. फ्रान्समध्ये कॉन्स्टेबल हा साऱ्या सैन्याचा सेनापती असे आणि मार्शल त्याच्या हाताखाली असत. तो इतका बलवान झाला की 1627 मध्ये कार्डिनल रिशेल्यूच्या काळात हे पदच रद्द करून टाकण्यात आले. इंग्लंडमध्ये त्याच नावाला गावपातळीवर वेगळी नोकरी लागली: भुरटे चोर धरणे, दारुडे आवरणे. 1829 मध्ये रॉबर्ट पील याने लंडनचे पोलीस दल उभारले तेव्हा सर्वांत खालच्या पायरीला हे नाव दिले आणि तिथून ते भारतात आले. एकाच तबेल्यातले दोघे. हाताखालचा फील्ड मार्शल झाला, आणि वरिष्ठ आज चौकात हेल्मेट नसलेल्यांची वाट पाहत झाडाआड उभा आहे.

यात इंग्रजीला हसण्यात मराठीने फार वेळ घालवू नये. शिवकाळात गडावर तीन मुख्य अधिकारी असत: हवालदार, सबनीस आणि सरनोबत. गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या कंबरेला. त्याच्या हुकमाशिवाय दरवाजा उघडत नसे. तोच हवालदार पुढे इंग्रजी अमदानीत पोलीस चौकीत येऊन बसला आणि आता लोक त्याला शिट्टीवरून ओळखतात. कॉन्स्टेबलची आणि हवालदाराची एकाच चौकीत गाठ पडावी, यात काही न्याय असावा. एक सम्राटाचा सरदार, दुसरा गडाचा धनी; दोघे मिळून कटिंग चहा घेतात.

तबेल्यातला तिसरा माणूस 'ग्रूम'. मूळ अर्थ पोरगा, मग हरकाम्या, मग सतराव्या शतकापासून घोड्याची निगा राखणारा. आणि नवरदेव? नवरदेवाचा या ग्रूमशी काही संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीत नवऱ्या मुलाला 'ब्रुड्गुमा' म्हणत. 'गुमा' म्हणजे माणूस, लॅटिन 'होमो'चा नातलग. काळाच्या ओघात 'गुमा' बोलण्यातून गेला आणि त्या शब्दाचे काय करावे हे कोणाला कळेना. सोळाव्या शतकात लोकांनी ऐकायला जवळचा म्हणून 'ग्रूम' तिथे बसवला. अशा रीतीने वधूचा माणूस हा वधूचा मोतद्दार झाला. मराठी वरातीत नवरदेव घोड्यावर बसतो आणि लगाम धरून पुढे चालणारा दुसराच कोणी असतो. त्या दोघांतला ग्रूम कोणता, हे इंग्रजीने विचारू नये.

वाड्यातल्या पोरांना दोन शब्द होते. 'क्निख्ट' म्हणजे पोरगा आणि 'क्नाफा' म्हणजेही पोरगा. दोन्ही पोरे सारखीच पाणी भरत, चपला उचलत. पहिला मालकाची ढाल उचलून रणावर गेला आणि 'नाइट' झाला: चिलखत, निशाण, शौर्य, स्त्रीदाक्षिण्य, सगळे काही. दुसरा स्वयंपाकघरातच राहिला आणि 'नेव्ह' झाला, म्हणजे लबाड, चोरटा. जर्मनमध्ये उलटे आहे. तिथे 'क्नेख्ट' हा अजून शेतावरचा गडीच आहे आणि 'क्नाबे' हा निरागस मुलगा. म्हणजे दोष पोरांचा नव्हता. 1842 मध्ये जमशेटजी जिजीभाई यांना नाइट हा किताब मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा ज्यांच्या दानावर उभी राहिली, त्या वयोवृद्ध शेठजींना राणीने अधिकृतपणे 'पोरगा' म्हटले, असा त्याचा मूळ अर्थ निघतो. नाइटच्या नावाआधी लागणारा 'सर' मात्र 'सीनिअर' याच मुळाचा, म्हणजे वडीलधारा. एकाच किताबात माणूस पोरगा आणि आजोबा दोन्ही होतो. महाराष्ट्रातल्या शाळांनी यातला आजोबा तेवढा घेतला आणि बावीस वर्षांच्या ड्रॉइंग मास्तरांनाही 'सर' करून टाकले.

नेव्ह बिचारा पत्त्यांत जाऊन बसला. इंग्रजी पत्त्यांत राजाराणीच्या खालच्या पानाला नेव्ह म्हणत. एकोणिसाव्या शतकात पानांच्या कोपऱ्यात अक्षरे छापायला सुरुवात झाली, तेव्हा राजाचे 'के' आणि नेव्हचे 'केएन' यांचा घोळ होऊ लागला. हातात पाने पसरून धरली की 'एन' बोटाखाली जाई आणि नोकर राजा होऊन बसे. म्हणून 'जॅक' हे तोवर खालच्या लोकांचे समजले जाणारे नाव स्वीकारावे लागले. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये पिपने नेव्हला जॅक म्हटले म्हणून एस्टेला त्याची टर उडवते, ती याच कारणाने. मराठीत हे पान पहिल्यापासून 'गुलाम' आहे. आणि सुटीत खेळल्या जाणाऱ्या गुलामचोर या डावात, ज्याच्या हाती शेवटचा गुलाम उरतो तो चोर ठरतो. नोकर म्हणजे चोर हे समीकरण मांडायला इंग्रजीला काही शतके लागली. मराठी मुलांनी ते एका दुपारी मांडले.

कुंपणाबाहेरच्या माणसांची कथा सगळ्यांत वाईट आहे, आणि सगळ्यांत मोठीही. लॅटिनमध्ये 'विला' म्हणजे जमीनदाराची शेतीवाडी. तिथे राबणारा तो 'विलानुस'. विजेत्या विल्यमने 1086 मध्ये इंग्लंडची जी जमीन मोजणी केली, तिच्या डूम्सडे बुक नावाच्या दप्तरात नोंदलेल्या माणसांत या विलानांचा गट सर्वांत मोठा आहे. ही माणसे जमिनीला बांधलेली. नांगर त्यांचा, धान्य मालकाचे. यांच्या नावाचा 'व्हिलन' झाला. आधी शेतमजूर, मग रांगडा, मग नीच, आणि शेवटी नायिकेच्या घरात कंदील विझवून शिरणारा. 1960 मध्ये सी. एस. लुईस यांनी शब्दांवर एक पुस्तक लिहिले, त्यात या प्रकाराचा त्यांनी नेमका छडा लावला आहे: समाजातला दर्जा सांगणारे शब्द हळूहळू स्वभाव सांगणारे शब्द होतात. खालच्या दर्जाचा असेल तर मनानेही खालचाच असणार, वरच्या कुळातला असेल तर मनानेही थोर. 'नोबल', 'जेंटल', 'जेनेरस' हे शब्द चांगल्या कुळात जन्मल्याचे दाखले होते, ते सद्गुण झाले. 'मीन' म्हणजे सर्वसाधारण, तो क्षुद्र झाला. लेखणी वाड्यात होती आणि शेतात नांगर होता, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली की या शेऱ्यांचे फारसे नवल वाटत नाही.

मराठी सिनेमाने मात्र हा हिशेब नकळत उलटा केला. तिथला व्हिलन कधी शेतमजूर नसतो. तो पाटील असतो, सरपंच असतो, साखर कारखान्याचा चेअरमन असतो. त्याच्या अंगावर पांढरे धोतर आणि दारात जीप. 'सामना'मधला निळू फुले यांचा हिंदुराव हा नखशिखान्त लॉर्ड आहे, भाकरीचा राखणदार. विलान त्याच्या उसाच्या फडात कोयता चालवत असतो.

बाकीच्या शेतकऱ्यांचीही तीच गत. डच भाषेत शेतकऱ्याला 'बूर' म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतले बोअर ते हेच. इंग्रजीत 'बूर' म्हणजे ज्याला चारचौघांत कसे वागावे ते कळत नाही असा माणूस. 'पेगन' हा मुळात गावाकडचा. शहरात धर्म बदलला आणि बातमी गावात उशिरा पोचली, म्हणून तो पाखंडी ठरला, असे एक स्पष्टीकरण आहे. इथेही मराठीने गप्पच बसावे. गावातला तो ग्राम्य आणि नगरातला तो नागर, हा निकाल संस्कृतने फार पूर्वी देऊन ठेवला आहे आणि 'गावंढळ' ही भर मराठीने आपल्या खर्चाने घातली आहे.

'चर्ल' हा शब्द यांत विशेष. जुन्या इंग्रजीत 'चेओर्ल' म्हणजे साधा स्वतंत्र शेतकरी. ज्याच्या भाकरखाऊची किंमत सहा शिलिंग होती तो हाच. पुढे त्याचा अर्थ झाला उर्मट, असंस्कृत. पण जर्मन कुळात हाच शब्द 'कार्ल' या रूपात होता, अर्थ साधा माणूस, गडी. हे नाव ठेवलेला एक गडी सम्राट झाला, त्याला शार्लमेन म्हणतात. त्याच्या दराऱ्याने पूर्व युरोपातल्या भाषांनी त्याच्या नावाचाच राजा केला: पोलिश 'क्रुल', चेक 'क्राल', रशियन 'कोरोल'. याच नावाचे फ्रेंच-इंग्रजी रूप 'चार्ल्स'. एक भाऊ शिवी, एक भाऊ राजा, आणि दोघांचा बाप गडी.

या साऱ्या शब्दांची एक बैठक मुंबईच्या बाबतीत झालेली आहे. 1661 मध्ये पोर्तुगालच्या कॅथरीन राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात देण्याचे ठरले. त्या राजाचे नाव चार्ल्स, म्हणजे गडी, आणि आडनाव स्टुअर्ट, म्हणजे कारभारी. बेटे परवडेनात म्हणून 1668 मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. म्हणजे एका पंगतीत पाव मोडणाऱ्यांना. पंगत बसली. पाव कोणाचा होता, हे करारात नव्हते.

वाड्यातल्या बायकांच्या शब्दांना बढतीचा नियम लागू झालाच नाही. मालकाच्या जवळ असणे हे पुरुषाच्या शब्दाला लाभले आणि बाईच्या शब्दाला नडले. 'मास्टर' हा धनी राहिला आणि 'मिस्ट्रेस' ही त्याच्या बायकोला कळू नये अशी गोष्ट झाली. 'गव्हर्नर' सरकारी वाड्यात राहतो, 'गव्हर्नेस' त्याच्या मुलांना पाढे शिकवते. 'हाउसवाइफ' हा शब्द भरभर उच्चारता उच्चारता 'हसी' झाला आणि अर्थ झाला उठवळ बाई. मग सोज्वळ गृहिणीसाठी तोच शब्द पुन्हा सावकाश उच्चारून घ्यावा लागला. बाई या अर्थाच्या एकाच मुळापासून दोन शब्द निघाले, उच्चार जवळजवळ सारखा: एक 'क्वीन' राणी आणि दुसरी, थोड्या वेगळ्या स्पेलिंगची, बाजारबसवी. ऋग्वेदात देवांच्या स्त्रियांना 'ग्ना' म्हटले आहे, ती या दोघींची दूरची बहीण. ती देवांच्या घरी दिली म्हणून वाचली. उलट 'हार्लट' हा शब्द आरंभी पुरुषांचा होता, अर्थ भटक्या, टवाळ. तो वापरून वापरून पुरता खराब झाल्यावर पुरुषांनी बायकांच्या नावावर चढवला.

'बॅचलर' म्हणजे नाइट होण्याची उमेदवारी करणारा तरुण, आणि 'स्पिन्स्टर' म्हणजे सूत कातणारी. इंग्लंडच्या विवाहनोंदणीत अविवाहितांसाठी हे दोन शब्द 2005 पर्यंत चालले. मग दोघांनाही 'सिंगल' करण्यात आले. बॅचलर मात्र विद्यापीठात सुखरूप आहे. कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या तेव्हा त्यांना विद्यापीठाने बॅचलर केले, आणि आज चार नातवंडांच्या आजीने मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली तरी तिलाही बॅचलरच व्हावे लागते.

वाड्याचे राज्य गेले आणि कचेऱ्या आल्या, तरी शब्द तेच कामाला आले. लॅटिनमध्ये 'मागिस' म्हणजे अधिक. त्यावरून 'मागिस्टर', म्हणजे मोठा, म्हणजे मास्तर. 'मिनुस' म्हणजे उणे. त्यावरून 'मिनिस्टर', म्हणजे धाकटा, हाताखालचा, वाढपी. व्युत्पत्तीप्रमाणे मिनिस्टरने मास्तरांसमोर उभे राहायचे असते. बदलीचा अर्ज घेऊन मंत्रालयाच्या पाचव्या-सहाव्या मजल्यावर सकाळपासून ताटकळणाऱ्या मास्तरांना ही माहिती असती तरी उपयोग नव्हता. 'चीफ मिनिस्टर' याचा अर्थ तर 'थोरला धाकटा' असा होतो, आणि तसे पाहिले तर आघाडीच्या सरकारांत तो बरोबरही ठरतो.

'चॅन्सेलर' हा खिडकीवरचा माणूस. रोमन न्यायालयात लोकांना आत घुसू न देण्यासाठी आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असे, तिला 'कान्सेल्ली' म्हणत. जाळीपाशी उभा राहणारा तो 'कान्सेल्लारियुस'. कागदावरचा मजकूर अशाच आडव्या-उभ्या रेघांनी खोडणे म्हणजे 'कॅन्सल' करणे. महाराष्ट्रात राज्यपाल हे विद्यापीठांचे चॅन्सेलर असतात. परंतु पदाचे मूळ कर्तव्य बजावणारा खराखुरा चॅन्सेलर पाहायचा असेल तर परीक्षा विभागातल्या जाळीच्या खिडकीशी जावे. तो आत असतो, आणि जेवणाची सुटी झालेली असते.

राहता राहिला 'शेरीफ'. 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे अंमलदार. 'शायर-रीव्ह' म्हणजे परगण्यातला राजाचा वसुली अधिकारी, मराठेशाहीतला कमाविसदार. रॉबिन हूडच्या गोष्टींत त्याची बरीच नाचक्की होते. पुढे अमेरिकेत तो कमरेला पिस्तूल लावून फिरला. मुंबईत हे पद इंग्रजांनी आणले आणि ते गेल्यावरही कोणी काढले नाही. मराठीत त्याला नगरपाल असे भक्कम नाव दिले. दिलीपकुमार 1980 मध्ये आणि सुनील गावस्कर 1994 मध्ये मुंबईचे शेरीफ होते. वसुली नाही, पिस्तूल नाही, पगार नाही. मान महापौरांच्या खालोखाल. पाहुण्यांचे स्वागत करावे, शोकसभा बोलवाव्यात. तरी शेरीफच्या नावाने चालणारी एक कचेरी उच्च न्यायालयाशी जोडलेली आहे. ती समन्स बजावते, जप्त्या करते, आणि एखाद्या परदेशी जहाजाने मुंबईच्या बंदरात देणी थकवली तर न्यायालयाच्या हुकमाने ते जहाज लिलावात काढते. लिलावाची जाहिरात मुंबईच्या शेरीफच्या नावे निघते. जहाजे विकायला काढल्याचे शेरीफना स्वतःला बहुधा त्याच जाहिरातीतून कळत असावे.